शेड नंबर चार

खुर्चीत बसले की सगळेच गप्प होतात.
कॉलरीत टिश्यू खोचला
की आमदार काय, मंत्री काय,
न्हाव्यापुढचं पोर.

चौदा वर्षं मी कामगारांच्या नाटकांत तोंडं रंगवली,
परळला, विंगेतल्या पिवळ्या बल्बखाली.
झिंक, पिवडी, मिशांचा डिंक.
शेवटच्या रांगेला दिसायला हवी म्हणून
भुवई बोटभर जाड काढायचो.
इथे लोअर परळला, सहाव्या मजल्यावर,
शेवटची रांगच नाही.
बघणारा नाकापासून वीतभर अंतरावर बसतो
आणि घाम पकडतो.

तोडणकर आले, आठला वीस कमी होती.
शुभ्र कुडता, इस्त्रीची घडी अजून गरम.
फ्लोअरवरची पोरगी म्हणाली, पांढरं नको सर, जळतं.
काय जळतं?
चित्र.
मग वरून मोतिया जाकीट चढवलं, चॅनेलचंच.
काल ते दुसऱ्या पक्षाच्या अंगात होतं.

त्यांच्या उजव्या भुवईत एक खूण,
घाईत घातलेल्या टाक्यांची.
संपातली लाठी.
आमच्या चाळीत ती पत्त्यासारखी सांगायचे:
तोडणकर म्हणजे ते, भुवई फुटलेले.
दिव्यात चमकतेय, कानातल्या यंत्रातून आवाज आला,
भार्गवा, मार की जरा.
मी मारलं.
शेड नंबर चार. दोन हात.

शेजारच्या खुर्चीत केयूर पाठारे.
त्याला काही सांगावं लागलं नाही.
माझी डावी बाजू चांगली येते, म्हणाला,
आणि हनुवटी आपणहून उचलली.

मग सुरू झालं.
सहा चौकटी, सहा तोंडं,
खाली लाल पट्टी पळतेय
मागे कुत्रं लागल्यासारखी.
तोडणकर मैदानातले.
वाक्य टाकून थांबायचे ते,
टाळी मागच्या बांबूला आपटून परत येईस्तोवर.
त्या थांबण्यातच अर्धं भाषण असायचं.
इथे थांबले
तर त्या फटीत चौघं घुसले.

आणि मग पाठारे एक बरोबर बोलला.
भांडुपच्या टेकडीवर पाणी चढत नाही,
पंपाची निविदा तीनदा निघाली, तीनदा आत गेली.
तोडणकरांनी मान हलवली.
सभागृहात हलवायचे तशी,
हा मुद्दा मान्य, पुढचं बोला, तशी.

तीन सेकंद.
साडेनऊच्या बातम्यांत ती मान चारदा हलली.
दहाला संथ करून हलवली, खाली ढोल लावून.
वर मोठ्या अक्षरात: निरुत्तर.
सकाळी चहावाल्याच्या फोनवर
आवाज बंद होता, तरी हलतच होती.
पंप कुणी दाखवला नाही.

त्या रात्री मी तेल आणि कापूस घेऊन उभा.
म्हटलं, साहेब, पाण्याचं खरंय,
मी तिथेच राहतो, पहाटे चारला हंडे भरतो.
म्हणून तर मान हलवली रे, म्हणाले.
कापूस राहू दे, घरी धुतो.
लिफ्टच्या आरशात मात्र
बराच वेळ भुवईवर बोट ठेवून होते.

दुसऱ्या दिवशी काळाचौकीला प्रचारफेरी.
नळावरच्या बाईने विचारलं म्हणे,
काल टीव्हीवर होते ते तुमचे धाकटे भाऊ का?
त्यांची भुवई धड होती.

पडले ते.
मानेने पडले की भुवईने,
मोजायचं यंत्र कुठल्याच आयोगाकडे नाही.
मी माझं काम केलं, असं मी घरी सांगितलं.
घरात कुणी विचारलं नव्हतं.

यंदा आले परत. केस गेलेत, आवाज बसलाय.
टिश्यू आपल्याच हाताने खोचला,
हनुवटी उचलली, डोळे मिटले.
मी डबी उघडली तेव्हा हळूच म्हणाले,
पाणी चढलं का रे तुमच्याकडे?

मी मान हलवली, नाही म्हणून,
आणि आधी आरशात बघून घेतलं
मागे कुठे कॅमेरा तर नाही.